बांडगुळाला स्वतःची माती

आंबेदरा, ता. वडवणी
१२ मे २०१३

चि. सुग्रीव भावजी यांस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

फोन असताना वहिनीला पत्राचं खूळ कुठून सुचलं, म्हणून हसाल. हसून घ्या. फोन आला की आत्याबाई लेकाचा आवाज ऐकायला मला चिकटून बसतात, कान लावून. त्यांच्यासमोर बोलता येणार नाही असं थोडं आहे, म्हणून कागद घेतला.

आधी घरचं. तुमचे दादा बैलं आणि दोन्ही म्हशी घेऊन चारा छावणीत आहेत. मीही मधे तिकडेच होते, शेण काढायला आणि भाकरी थापायला. दूध संस्थेला कुलूप लागलं. मी रोज सकाळी जिथं फॅट काढायला बसायचे, तिथं आता कुत्री झोपतात. संस्थेचे कॅन चेअरमननी गावात वाटून टाकले आणि ते टँकरच्या रांगेत उभे असतात. टँकर एक दिवसाआड येतो, आला तर. तुम्ही कोल्हापुरात दोन वेळा आंघोळ करत असाल, तर एक आमच्या नावानं करा.

सटवाकाकांची गाय छावणीत बसली ती उठलीच नाही. त्यांच्या घरी जाऊन आले.

बघा, मी अजून दुसरंच लिहितेय.

परवा तुम्ही तुमच्या ऑर्किडचं, म्हणजे आत्याबाईंच्या भाषेत बांडगुळाचं, विचारलंत, "वहिनी, कळी धरली का?" मी म्हणाले, "धरेल की." आत्याबाई शेजारी मान डोलावत होत्या. तुम्ही दिलेली स्पिरिटची बाटली देव्हाऱ्यामागे ठेवली आहे. फूल उमललं की लगेच त्यात टाका, पाकळी मोडू देऊ नका, हे तुम्ही मला इतक्या वेळा बजावलंत की झोपेतही म्हणून दाखवीन. मागच्या वर्षी तुम्हाला मिळालेलं फूल मुंग्यांनी खाल्लेलं होतं. तुमच्या सरांनी फोटो बघून सांगितलं की ओठासारखी ती खालची पाकळी कुठल्याच माहीत असलेल्या जातीत नाही, पण ताजं फूल हातात आल्याशिवाय जातीचं वर्णन लिहिता येत नाही आणि नावही देता येत नाही. सगळं आठवतं मला. दरीतल्या त्या एका जांभळाशिवाय अख्ख्या डोंगरात ते कुठं नाही, हेही आठवतं.

भावजी, तो जांभूळ आता नाही.

छावणीत शेळ्या घेत नाहीत. माणसांनी काय करायचं? आधी बाभळी ओरबाडल्या, मग लिंब, मग दरीत शिरले. कुणाला शिव्या द्यायच्या? मी दिल्या, मनात. पण त्यांच्या शेळ्यांची पोटं मीही बघितली होती.

आत्याबाईंना बातमी लागली तेव्हा मी घरी नव्हते. सत्तरीची बाई, गुडघे धरलेले, भर उन्हात एकटी दरीत उतरली. मुंजाजी शेळ्यांसाठी पाला तोडायला कुऱ्हाड घेऊन जांभळावर चढला होता. त्यानंच मला सांगितलं. खालून ओरडल्या म्हणे, "आरं पाला ने, फांद्या ने, समदं ने. माझ्या लेकाचं बांडगूळ तेवढं खाली टाक!" तो टाकत गेला आणि त्या पदरात झेलत गेल्या. एक जुडी खाली पडू दिली नाही.

मी छावणीतून आले तर ओट्यावर जुन्या घमेल्यात तुमची झाडं ओळीनं लावलेली. काळी माती, वर शेणखत, भोवती आळं. आत्याबाई नव्या नवरीसारख्या लाजत होत्या.

मी म्हणाले, "आत्याबाई, भावजींनी सांगितलं होतं ना, हे मातीत नसतं. झाडावर बसून हवेतलं पाणी पितं."

तर म्हणाल्या, "बसतंय बिचारं, जागा न्हाई म्हणून. कुणी त्याला सोताची माती दिलीच न्हाई तर करंल काय? दुसऱ्याच्या अंगावर कोन खुशीनं ऱ्हातंय गं?"

त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बांधावर खुरपलं, मग कुठं हा दोन एकराचा तुकडा झाला. त्यांच्या लेखी ज्याला माती नाही ते उपाशीच.

आत्याबाई दुपारी झोपल्यावर मी एक जुडी उपटून बघितली. मुळ्या काळ्या, हाताला चिकट, नासक्या भाजीचा वास. दुसरी तशीच. तिसरीला तुम्ही दाखवली होतीत तशी कळी धरायची जागा होती. तीसुद्धा बोटात विरघळली. एक त्यातल्या त्यात हिरवी वाटली म्हणून मागच्या लिंबाला काथ्यानं बांधली. तीही गेली. बाकीच्या पुन्हा मातीत खोचून ठेवल्या. वर पानं अजून थोडी हिरवी दिसतात. आत काहीच नाही. दरीतही दोनदा जाऊन आले, प्रत्येक खोड बघितलं. भावजी, सगळं संपलं. बाटली रिकामीच राहणार.

मला रडू आलं ते तुमच्या पदवीसाठी नाही. मला त्या पाण्याचं रडू येतं. टँकरचं पाणी आलं की आत्याबाई स्वतःच्या वाटणीचा तांब्या बाजूला काढतात आणि दिवस मावळताना घमेल्यात ओततात. आंघोळ तर कधीच सोडली. मला वाटलं, वापरायचं पाणी असेल. नाही, प्यायचं. मंगळवारी चूल फुंकताना भोवळ येऊन पडल्या. वडवणीला नेऊन सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, "ह्या पाणी पितात की नाही?" त्या माझ्याकडे बघून हसल्या.

मी माझा तांब्या पुढं केला तर तोही घमेल्यात गेला. ओरडले, तर म्हणाल्या, "कावून वरडतीस? माझ्या नावाचं फूल हाय ते. सुग्रीव येईपत्तर जगवते, मग तुमी बघा." तुम्ही त्याला वच्छला नाव देणार हे त्यांनी वडवणीच्या बाजारात भाजीवालीपासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगितलं आहे.

ते मेलं आहे हे मी त्यांना सांगू शकत नाही. सांगितलं की विचारतील, कशानं? माझ्या तोंडातून ते निघणार नाही. तुमच्याही निघू नये.

म्हणून हे पत्र. तुमचं सगळं गेलं आणि वर वहिनी हे मागते आहे, म्हणून रागवा माझ्यावर. आधी खोलीचं दार लावून काय रडायचं ते रडून घ्या. मग आईला फोन करा. सांगा की मागच्या वर्षीच्या फुलावरच सरांचं काम झालं, नाव लागलं, वच्छलाच लागलं. आता झाडाला पाणी घालायची गरज नाही, त्याची विश्रांतीची वेळ आहे. आवाज आनंदाचा काढा. मला तो काढता आला असता तर तुम्हाला त्रास दिला नसता.

पत्र ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी फोन करा, आणि दिवस मावळायच्या आत करा. त्या दिवसाचा तांब्या तरी त्यांच्या पोटात जाईल.

तुमची वहिनी,
सिंधू