पाडव्याचा चहा माझ्याकडेच

१८ फेब्रुवारी, बुधवार
ऑफिसच्या कार पार्कमध्ये थाई ड्रिंक्सचा स्टॉल लागलाय. चहा म्हणे! रंग नारिंगी, वर कंडेन्स्ड मिल्क, आत बर्फ. बेसिंगस्टोकच्या या थंडीत लोक रांग लावून पितात. इंग्रजांना चहातलं काही कळत नाही हे माहीत होतं, पण रांगेत आमच्या टीममधला पुण्याचा मिहीरसुद्धा! दोष समजावेत म्हणून एक घेतला. उरलेला टाकणं बरं दिसेना.

२५ फेब्रुवारी, बुधवार
अभ्यास अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. आज गुलाबी दूध. पोरकट प्रकार. एका ग्लासावरून मत बनवणं अन्यायाचं, म्हणून दुसराही घेतला. स्टॉलवाली माली म्हणाली, लेमनग्रासचंही घेऊन बघा. तिला सुनावलं की आमच्याकडे गवती चहा परसात उगवतो. ती म्हणाली, हाऊ लव्हली. वाद घालायची तिची हिंमत नाही.

१ मार्च, रविवार
मराठी मंडळाची मीटिंग. मिहीरने तिथेही मालीचं कौतुक लावलं. बावीस तारखेच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला माझ्या नेहमीच्या चहाऐवजी तिचा स्टॉल बोलवावा, असं अध्यक्ष निवेदिताताईंचं म्हणणं. लोक चहाला नावं ठेवतात म्हणे. कोण लोक, विचारलं. बरेच हात वर झाले.
चहाच्या टेबलामागे उभा असलो की अख्खा हॉल मुरलीधरराव, मुरलीधरराव करतो. ऑफिसात अजून मर्ली आहे मी. हे टेबल सोडणार नाही. जाहीर करून टाकलं: थाई चहा मीच करून आणतो, तिच्यापेक्षा सरस. पुढच्या रविवारी चव बघा आणि मग ठरवा.

४ मार्च, बुधवार
मालीची पद्धत पाहिली. पत्ती गरम पाण्यात, मग कापडी पिशवीतून वरून खाली, पुन्हा वरून खाली, दूध शेवटी. नुसता देखावा. मी पत्ती सरळ दुधात उकळणार, माणसं करतात तशी. निरीक्षणासाठी तीन ग्लास प्यावे लागले. घरी देवयानीला सांगितलेलं नाही. तिला माझ्या शुगरचं खूळ आहे.

८ मार्च, रविवार, सकाळ
फक्कड उकळला! रंग मालीपेक्षा गडद. गाळायला पिशवी नव्हती, पण सिंकपाशी देवयानीचं फडकं सापडलं. काल त्यात चक्का बांधला होता. चक्का काढून घेतलेला, मग धुवायचं कशाला? सिया म्हणाली, बाबा, वास फनी येतो. इथे जन्मलेल्या मुलांना चहाची काय कदर!

त्याच दिवशी, संध्याकाळ
दूध फाटलं. किंचित. निवेदिताताईंनी कप खाली ठेवला. खजिनदार उल्हासने चमचा मागितला. मी म्हणालो, हे टेक्स्चर आहे, लंडनमध्ये याचे जास्त पैसे घेतात. तेवढ्यात देवयानीने माझ्या सामानातलं, आता नारिंगी झालेलं फडकं ओळखलं, तेही मोठ्याने. मतदानाची वेळ येऊ दिली नाही. मोठ्या मनाने म्हणालो, मालीला संधी द्या. टाळ्या जरा जास्तच वाजल्या.

२२ मार्च, रविवार
मंडळाने अखेर माझा अनुभव ओळखला. पार्किंग माझ्याकडे! पिवळं जॅकेट, वर पाऊस. चहा काय, कोणीही ओततो. इथे डोकं लागतं. पहिली व्हॅन मालीची आली. दाराजवळची जागा देणार नव्हतो, पण सामान जड होतं, उतरवूही लागलो. तासाभरात आतून हाका ऐकू यायला लागल्या. मालीताई, इकडे एक! मालीताई, इकडे दोन! सगळ्यांत मोठा आवाज देवयानीचा.
एका गाडीवाल्याने काच खाली केली. वाटलं, ओळखलं. म्हणाला, भाऊ, पार्किंग फ्री आहे ना?