टँगो आणि सहा स्वेटर

२ सप्टेंबर २००८, मंगळवार
सान हुआनच्या प्रोजेक्टवर येऊन पाच महिने झाले. अल्फारेटाच्या घरी बायको पद्मिनी आणि लेक आन्या मजेत. ११ ऑक्टोबरला लग्नाला दहा वर्षं होतील. पद्मिनीला या बेटावर बोलावून तिच्यासोबत टँगो नाचणार. आमच्या वरातीत मी नाचलो नव्हतो, ते ती अजून बोलून दाखवते. आज क्लास जॉइन केला. अंगात मुळात ताल आहेच.

९ सप्टेंबर
इथे बाईला नाचायला तोंडाने विचारत नाहीत. लांबून नजर द्यायची, मान हलवायची. तिनेही हलवली तर नाच. आज सात जणींकडे पाहिलं. सातही जणींनी तोंड फिरवलं. बेटावरच्या बायका फार लाजाळू. शिकवणाऱ्या इल्दाबाई सत्तरीच्या. म्हणाल्या, तोंड फिरवलं म्हणजे नाही. पुन्हा विचारायचं नाही, तिच्या टेबलापाशी जायचं नाही. नियम इतरांसाठी असावा.

१६ सप्टेंबर
नऊ दिवसांनी पद्मिनीचा फोन. हीटरचा फिल्टर कसा बदलायचा आणि मॅरेज सर्टिफिकेट कुठल्या फाइलमध्ये आहे, एवढंच विचारलं. फ्रेम करून देणार बहुतेक. मी काही कळलं नाही असं दाखवलं.

२३ सप्टेंबर
क्लास बुडवला. घोटा दुखतोय. घरी दोनदा फोन केला, व्हॉइसमेल. बिझी असेल.

५ ऑक्टोबर
आन्या फोनवर म्हणाली, "डॅडी, युअर क्लॉझेट इज एम्प्टी." लगेच पद्मिनीने फोन घेतला. ११ तारखेला तिकडे आले की बोलू, म्हणाली. दिवाळीची साफसफाई यंदा लवकर काढलेली दिसते.

११ ऑक्टोबर, संध्या. ५
पद्मिनी आली. तिची एक छोटी बॅग, आणि माझ्या दोन मोठ्या सूटकेस. माझे सगळे कपडे आणलेत, सहा स्वेटरसुद्धा. इथे पंख्याखाली घाम येतो, पण काळजी ती काळजी. तिला काहीतरी बोलायचं होतं. म्हटलं, आधी नाच. एअरपोर्टहून येताना टॅक्सीत तिला नजरेची पद्धत समजावली.
"आणि बाईने मान वळवली तर?" तिने विचारलं.
"तर संपलं. पुन्हा विचारायचं नाही. कारणही नाही."
"बरा नियम आहे," म्हणाली.

१२ ऑक्टोबर
काल रात्री क्लासच्या हॉलमध्ये मी भिंतीशी उभा, ती समोरच्या टेबलावर. नजर दिली, मान हलवली. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. इतकं गेल्या दोन वर्षांत पाहिलं नसेल. मग मान वळवली. लाजून वळवलेली मान अशी नसते, हे मला तेव्हा कळलं. फार भीती वाटली. टेबलापाशी गेलो नाही.
सकाळच्या फ्लाइटने ती गेली. दुपारी सूटकेस उघडल्या, स्वेटर घड्या करून ठेवले. माझं सगळं सामान एका कपाटात मावलं.