पी-फोरला सोळा पुरतात

सोमवार, ४ एप्रिल २०१६

परत तेच! दीड तास मीटिंग आणि शेवटी काय, तर "बेस मॉडेल सोळाच राहील." पन्नास हजारांचा फोन! काच अशी, कॅमेरा तसा, खोका उघडला की दागिन्यासारखा मखमलीत बसवलेला. आणि आत जागा सोळा जीबी. त्यातले पाच तर आमची सिस्टमच गिळते. गिऱ्हाईकाला कॅमेरा विकायचा आणि फोटो ठेवायला जागा द्यायची नाही!

बत्तीस करायला खर्च किती? ऑफिसात दर शुक्रवारी मागवतात त्या एका पिझ्झ्याएवढा. पण मग चौसष्टचं मॉडेल कोण घेणार? विजयालक्ष्मी मॅडम निदान खोटं बोलत नाहीत. तोंडावर म्हणाल्या, "धीरज, सोलह से जो तंग आएगा, वही तो चौंसठ लेगा." म्हणजे माणसाला तंग करणं हीच योजना. वर मान डोलवायला आठ जण!

आणि तो पी-फोर! मी कंपनीत आल्यापासून ऐकतोय. नवा फोन काढायच्या आधी घेणारे कोण ते ठरवलेलं असतं — पी-वन कॉलेजातला, पी-टू ऑफिसवाला, पी-थ्री फोटोवेडा, पी-फोर घरातलं वयस्कर माणूस. "पी-फोरला सोळा पुरतात, स्टडी आहे" म्हटलं की चर्चा खलास. कोण हा पी-फोर? कोणी भेटलंय त्याला? विचारलं तर सगळे छताकडे बघतात. शेजारच्या समर्थला म्हटलं, जुन्या सर्व्हरवर शोध रे बाबा. कुठल्या गाढवाने हा स्टडी केलाय ते बघायचंच आहे मला!

संध्याकाळी फरीदाबादहून आईचा फोन. "धीरज, हा परत जागा नाही म्हणतोय." आमच्याच कंपनीचा, गेल्या वाढदिवसाला मीच दिलेला. स्टाफला सवलत फक्त सोळाच्या मॉडेलवर. तिथेही कंजूषपणा! म्हटलं, "आई, ते गुड मॉर्निंगवाले गुलाबाचे आणि सूर्याचे फोटो पूस ना." म्हणाली, "गुलाब नाहीत रे माझ्याकडे." मग म्हणाली, फोन मोठ्या पडद्याला जोडायची वायर मिळते का? म्हटलं, सिनेमा बघायचाय वाटतं. आणतो म्हणालो.

शुक्रवार, ८ एप्रिल. पाडवा

सकाळीच बायको-लेकीला घेऊन फरीदाबाद. आईने तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एकटीने गुढी उभी केली होती. श्रीखंड घरचं. बाबा गेल्याला पाच वर्षं झाली, तरी गाठीची माळ त्यांच्या टेबलावर आधी जाते. ट्रॅक्टरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून सांगलीहून आलेली माणसं ही. नंतर सगळा गाव बदलला, आईचं सेक्टर पंधरा काही सुटत नाही. गुडगावला ये म्हटलं की म्हणते, माझी मुलं आहेत इथे. मुलं म्हणजे रविवारचा मराठीचा वर्ग. कॉलनीतली बारा पोरं. बाराखडी, गोष्टी, असं काहीतरी.

अक्षया आजीला म्हणाली, "आजी, फडताळ मतलब अलमारीच ना?" प्रणिता हसली. सात वर्षांच्या मुलीला हा शब्द कुठून मिळाला कोण जाणे. मला नसता आठवला.

जेवताना आई म्हणाली, "एक तारखेला महाराष्ट्र सदनात आमचं —" आणि नेमका ऑफिसचा कॉल. चाळीस मिनिटं! सणाच्या दिवशी! परत आलो तर ताटं उचलली होती. वायर विसरलो. बॅग भरतानाच डोक्यातून गेली, त्या मीटिंगपायी.

बुधवार, १३ एप्रिल

पेपरात आलंय, गुडगावचं आता गुरुग्राम. अख्ख्या शहराचं नाव बदलतं, आणि आमचा सोळाचा आकडा हलत नाही!

शुक्रवार, १५ एप्रिल

बत्तीसची नोट पाठवली. सहा पानं. मॅडमचं उत्तर एक ओळ — "क्लाउड है ना." अहो, क्लाउड आहे, पण तिथे चढायला इंटरनेट कुठाय? आईच्या फोनचा नेटपॅक महिन्याला एक जीबी. कॉलनीत नेट येतं आणि जातं, पाण्यासारखं. हे एसीत बसून ढगांच्या गोष्टी सांगणार!

मंगळवार, १९ एप्रिल

आईचा फोन मेला. लॅंडलाइनवरून सांगत होती — सकाळपासून नुसतं कंपनीचं चिन्ह येतं, जातं, येतं, जातं. मला ठाऊक आहे हे. जागा काठोकाठ भरली की सिस्टमला श्वास घ्यायला जागा राहत नाही, सुरूच होत नाही. वर्षभर ओरडतोय मी!

आई रडवेली झाली होती. "एक तारीख आली रे जवळ." म्हटलं, काळजी करू नको. फरीदाबादच्या आपल्या सर्व्हिस सेंटरला दे, माझं नाव सांग.

बुधवार, २० एप्रिल

दुपारपर्यंत चालू! मॅनेजरला मी स्वतः फोन केला होता. लोकांना चार-चार दिवस लागतात, आईचा दोन तासांत. ओळख कामाला येते.

गुरुवार, २१ एप्रिल

आईचा फोन. आवाज अगदी लहान. "त्यातलं सगळं कुठे गेलं रे?"

कोरा करून दिलाय! धुऊन पुसून, दुकानातून आत्ताच आणल्यासारखा. न विचारता! नालायक लोक! उद्या रजा नाही मिळणार. शनिवारी जाऊन त्या मॅनेजरची अशी हजेरी घेतो की जन्मभर लक्षात राहील.

शनिवार, २३ एप्रिल

गेलो. काउंटरवरच आवाज चढवला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "बिना पूछे डेटा कैसे उड़ाया?" तो मॅनेजर, विशीतलाच असेल, खुर्चीतून उठला. मग फाइलीतून फॉर्म काढून समोर ठेवला. "डेटा जाएगा, मंज़ूर है?" सहीच्या जागी त्याने लिहिलेलं — ग्राहक के पुत्र, फ़ोन पर, हाँ. खाली वेळ, माझा नंबर. म्हणाला, "सर, मैंने दो बार पूछा था. आपने बोला, कर दो यार, उसमें कुछ नहीं है, गुड मॉर्निंग ही होंगे."

बोललो होतो. मीटिंगमध्ये शिरता शिरता. पण मुळात सोळा नसते तर फोन भरलाच नसता! भरला नसता तर मेला नसता! हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जी सर."

मग आईकडे. तिने चहा केला. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने काय केलं होतं ते आज कळलं. आपल्या इकडच्या मुलांना शब्द माहीत नाहीत म्हणून ती वर्षभर जुन्या बायकांकडे जात होती. कारखान्यातल्या लोकांच्या बायका, सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. प्रत्येकीने एक शब्द सांगायचा, वस्तू असली तर दाखवायची आणि आपल्या घरात ती कुठे होती ते सांगायचं. एक शब्द, एक मिनिट, एक व्हिडिओ. नागपूरच्या अलकाकाकूंचं बोरकूट. त्यांचाच अडकित्ता, सुपारी कातरताना. कोणाची रोवळी, कोणाची उतरंड. फडताळ आईने स्वतः सांगितलं होतं. एकाहत्तर शब्द! रविवारी मुलं फोनभोवती कोंडाळं करून बसायची. महाराष्ट्र दिनाला सदनातल्या कार्यक्रमात मराठी मंडळाने तिला दहा मिनिटं दिली होती. त्यासाठी वायर हवी होती.

मी म्हटलं, "परत घेऊ ना. मी येतो गाडी घेऊन, दोन रविवारात होईल." वाटलं, सुटला प्रश्न.

आई म्हणाली, "अरुणाचे अठरा होते."

रत्नागिरीच्या अरुणाकाकू. मार्चमध्ये लेकाकडे पुण्याला गेल्या, विसरायला लागल्या म्हणून. आईने काल त्यांना फोन लावला होता. "म्हटलं, अरुणा, ती वळचणीची गंमत परत सांग गं. तर म्हणाली, वळचण? कुठली वळचण?"

चहा तसाच राहिला माझा. परत येताना टोलवाल्याशी भांडलो. उगाचच.

गुरुवार, २८ एप्रिल

शेवटची मीटिंग. मनात ठरवून गेलो होतो, शांत बोलायचं. कसलं काय! पाचव्या मिनिटाला उभा राहिलो. सगळं सांगितलं — आई, एकाहत्तर शब्द, अरुणाकाकू, कोरा फोन. फॉर्मचं नाही सांगितलं. टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, हा तुमचा पी-फोर! हिला पुरले का सोळा? फोन खिसा कापण्याइतका महाग आणि आत धड एका बाईचे शब्द मावत नाहीत!

मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. आवाज मऊ करून म्हणाल्या, "धीरज, आय ॲम सॉरी. पर किसी एक की माँ डेटा नहीं होती. स्टडी कुछ और कहता है."

सोळाच राहिले. दिवाळीला येतोय फोन. तीन नव्या रंगांत!

समर्थवर खेकसलो, फाइल मिळाली का म्हणून. बिचारा म्हणाला, चार वेळा सर्व्हर बदललाय यार, शोधतोय.

रविवार, १ मे

कस्तुरबा गांधी मार्ग, सदनातला हॉल. वाटलं होतं आई येणार नाही. आली. तिच्या बारा पोरांनी नवे कपडे घातले होते, म्हणून. आपली दहा मिनिटं तिने लेझीमवाल्यांना देऊन टाकली होती. मी वायर घेऊन गेलो होतो. खिशात तशीच राहिली.

मध्यंतरात मंडळाच्या अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "गिरिजाताईंचा मुलगा ना तू? अरे, काय काम केलंय तुझ्या आईने! तू तर फोनमधलाच माणूस, तूच मदत केली असशील." मी हो म्हटलं की नाही म्हटलं, आठवत नाही. प्रणिता माझ्याकडे बघत होती. गाडीत म्हणाली, "तू आईंना कधी विचारलंस का रे, काय करतेस म्हणून?" भडकलो. म्हटलं, मी तिच्यासाठीच भांडतोय ना गेले महिनाभर! ती खिडकीबाहेर बघायला लागली.

निघताना आईने पिशवीतून खोकं काढून माझ्या हातात दिलं. मखमल, चार्जर, सगळं जिथल्या तिथे. "अक्षयाला ठेव, मोठी झाली की." म्हटलं, अगं आई, मी चौसष्टचा आणतो तुला, पूर्ण किमतीचा आणतो! ती म्हणाली, "नको. मी आता वहीत लिहिते. भरली की दुसरी आणते. त्यासाठी तुझ्या कंपनीला विचारावं लागत नाही."

बावन्न शब्द परत लिहून झालेत म्हणाली. अरुणाकाकूंचे अठरा सोडून. एक आणखी आठवत नाहीये तिला.

मंगळवार, ३ मे

समर्थला फाइल मिळाली. जून २०१३. कंपनीत नव्याने रुजू झालेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एक कागद करायला देतात — ओळखीतला एक ग्राहक कल्पून लिहा. कोणीतरी नंतर ते सगळे एकत्र बांधून त्याला स्टडी म्हटलं. पी-फोरच्या कागदावर फोटो आहे. फरीदाबादची गॅलरी, निळी सुती साडी. "गिरिजा, ५८, गृहिणी. नातीचे फोटो बघते. सोळा जीबी आयुष्यात भरणार नाहीत." खाली लिहिलंय — नमुना एक. तयार करणारा, धीरज. प्रत्यक्ष मुलाखत घेतली का? त्या रकान्यात मी लिहिलंय — गरज नाही.