मावशीच्या फ्लॅटला भाडेकरू का मिळत नाही

चिरंजीव आणि आता गुंतवणूकतज्ज्ञसुद्धा झालेल्या माझ्या भाच्याला मावशीचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझी तब्येत चांगलीच असणार. परवा तुझी जाहिरात पाहिली. तू हाताची घडी घालून ज्या इमारतीसमोर उभा आहेस ती तुझी नाही हे मला ठाऊक आहे, पण कोट छान बसलाय. ताईचे गुडघे कसे आहेत? तुम्ही भाड्याने राहता त्या इमारतीला लिफ्ट नाही आणि घरमालक ती बसवायचं नाव काढत नाही, असं ती फोनवर म्हणत होती. (दोन दिवसांच्या शिबिरात शंभर माणसांना दुसरं घर घ्यायला लावणाऱ्याने स्वतः पहिलंही घेऊ नये, यात काहीतरी खोल विचार असणार. मी शाळेच्या ऑफिसात बत्तीस वर्षं हेडक्लार्क होते, मुख्याध्यापिका नव्हते, त्यामुळे खोल विचार मला जरा उशिरा कळतात.)

आता मुद्द्यावर येते. तुझ्या सल्ल्याने निवृत्तीची सगळी रक्कम घालून मी जे एका बेडरूमचं घर घेतलं, ते चार महिने रिकामं पडलं आहे. तुझ्या मावसभावाने काल जेवताना जाहीर केलं की महिनाअखेरपर्यंत भाडेकरू आला नाही तर सरळ विकून टाकायचं. घर माझ्या नावावर आहे, सही माझी लागणार, हे खरं. पण तो माझ्या भल्यासाठी रोज संध्याकाळी इतक्या कळकळीने बोलतो की एखाद्या दिवशी कंटाळून मी सही करून मोकळी होईन अशी मलाच धास्ती वाटते. त्याचं म्हणणं, चूक तुझ्या सल्ल्यात आहे. मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, बाबा रे, त्याच्या पुस्तिकेतले बावीसच्या बावीस नियम मी पाळले, म्हणूनच तर ही वेळ आली.

खोटं नाही सांगत. 'घर किमान तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी पाहावे' हा तुझा नियम क्रमांक दोन. मी अकरा वेळा गेले. सकाळी ऊन कुठून येतं, दुपारी वरच्या मजल्यावर खुर्च्या किती सरकतात, संध्याकाळी जिन्यात दिवा लागतो का, सगळं वहीत लिहिलं. सहाव्या खेपेला वॉचमनने मला कामावर घेतलेली बाई समजून गच्चीची किल्ली दिली. (गच्चीही पाहून घेतली. टाकीचं झाकण फुटलेलं होतं, ते बदलून मिळालं.) आपला एजंट, ज्याला आम्ही 'काळजी नको' म्हणतो, कारण तो दुसरं काही बोलतच नाही, त्याने मला स्वयंपाकघरातला एक नळ सोडून दाखवला. तुझ्या पुस्तिकेत सगळे नळ एकदम सोडावेत असं आहे. मी सोडले. बाथरूममधला नळ खोकल्यासारखा आवाज करून गप्प झाला. काळजी नको म्हणाला, काळजी नको. मग मी पर्समधून टेप काढली आणि कार्पेट एरिया मोजायला बसले. त्याच्या कागदावरचं घर आणि जमिनीवरचं घर यांत जवळजवळ एका खोलीचा फरक निघाला. ती खोली कुठे आहे असं विचारल्यावर तो म्हणाला की जिना, लिफ्टसमोरची जागा आणि खालचा व्हरांडा यांतला माझा वाटा त्यात धरला आहे. मी म्हटलं, मग माझ्या वाट्याचा जिना तेवढा दाखव, मी त्यावर पापड नाही पण निदान चपला तरी ठेवीन. त्याने किंमत कमी केली. तू म्हणालास तसं, अभ्यास करून गेलं की समोरचा नरमतो. फक्त समोरच्याने त्यानंतर तीन आठवडे माझा फोन उचलला नाही, एवढंच.

घर ताब्यात आलं आणि भाडेकरूंचा प्रश्न आला. 'भाडेकरू निवडताना घाई करू नये, त्याची पूर्ण चौकशी करावी.' नियम क्रमांक सतरा, दोनदा अधोरेखित. चौकशी म्हटल्यावर मला माझंच काम आठवणार ना? बत्तीस वर्षं मी मुलांना शाळेत घेताना आधीच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. दाखला नाही तर प्रवेश नाही, मग तो मुलगा कुणाचाही असो. तेव्हा मी नमुना तयार केला: 'घर सोडल्याचा दाखला', मागच्या घरमालकाच्या सहीचा. त्यात घर सोडण्याचे कारण, येणे बाकी, आणि शेवटी वर्तणूक. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही, पण काळजी नको भिंतीला टेकून हसत सुटला.

पहिलं आलं ते नवीन लग्न झालेलं जोडपं. मुलगी दारातून आत पाहून म्हणाली, किती छोटं आहे. मी म्हटलं, मोठं घ्या मग. ते गेले. नंतर एक तबला शिकवणारे आले. माणूस गोड, पण शिष्य बावीस. मग एक दंतवैद्य आला. स्वच्छ, अबोल, एकटा, महिन्याचं भाडं आगाऊ द्यायला तयार. ज्या माणसात शोधूनही दोष सापडत नाही त्याने तो नक्की नीट लपवलेला असणार, म्हणून त्यालाही नको म्हटलं. शेवटी एक विमा एजंट माझा नमुना रीतसर भरून घेऊन आला, मागच्या घरमालकाची सही, खाली तारीख, वर्तणूक 'अतिशय उत्तम'. आता मला सांग, एखादा घरमालक जाणाऱ्या भाडेकरूला 'अतिशय उत्तम' का लिहील? आमच्या शाळेत ज्या मुलाला लवकरात लवकर घालवायचं असे, त्याच्याच दाखल्यावर मुख्याध्यापिका असं लिहायच्या. मी दार लावून घेतलं. काळजी नको त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला, मावशी, आता मला काळजी वाटते.

आता तू विचारशील की मी तिथे रोज कशाला जाते. तुझाच नियम, घर दाखवायला सदैव तयार हवं. म्हणून मी सकाळी दहाला जाते आणि पाचला परत येते. रिकाम्या घरात धूळ फार बसते. झाडून, पुसून झालं की अकरा वाजतात. मग एखादी पार्टी अचानक आली तर मालकीणबाई उभ्या बऱ्या दिसत नाहीत, म्हणून एक आरामखुर्ची नेली. पार्टीला चहा विचारायला हवा, म्हणून शेगडी, पातेलं आणि दोन कप. पार्टी येईपर्यंत करायचं काय, म्हणून चार पुस्तकं. जमीन गार लागते, म्हणून सतरंजी. हा सगळा व्यवसायाचा खर्च आहे, असं तूच शिबिरात म्हणाला होतास. 'गुंतवणुकीच्या घराच्या प्रेमात पडू नये' हा नियम क्रमांक एकही मी विसरलेले नाही. तो मी कागदावर लिहून आरामखुर्चीसमोरच्या भिंतीवर लावला आहे, आणि दुपारी तो वाचता वाचता मला फार छान झोप लागते.

इकडे मुलाच्या घरी सगळं ठीक आहे. तुझे काका गेल्यापासून मी इथेच आहे. एक खोली मुलाची आणि सुनेची, एक नातीच्या कॉलेजच्या अभ्यासाची, आणि मी हॉलमध्ये दिवाणावर. बातम्या संपल्याशिवाय मला आडवं होता येत नाही, आणि हल्ली बातम्या संपतच नाहीत. सकाळी सातला माझ्या अंथरुणाचा पुन्हा सोफा होतो. कुणी मला उणा शब्द बोलत नाही. सून तर इतकी चांगली आहे की तिच्याविरुद्ध मला एक तक्रार सापडली असती तर किती सोपं झालं असतं. असो. ताईला माझा नमस्कार सांग, आणि त्या कोटाचे हप्ते फिटले की कळव.

तुझी,
मावशी

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. त्या घरात मलाच राहायचं आहे. चार महिने सगळ्यांना हाकलते आहे ते एवढ्यासाठीच. पण हे मी घरात बोलले तर लोक म्हणणार, सुनेने सासूला बाहेर काढलं, आणि त्या बिचारीने काहीही केलेलं नाही. माझ्या मुलाला आईचं पटत नाही, पण तज्ज्ञाचं पटतं. तेव्हा तू त्याला फोन कर आणि तुझ्या त्या भाषेत सांग की बाजाराची सध्याची परिस्थिती पाहता एकट्या वयस्कर बाईला तिथे ठेवणं हाच सर्वांत सुरक्षित परतावा आहे. तुला काय, तू याहून मोठ्या थापा स्टेजवरून मारतोस. पण नक्की कर रे. महिना संपायला नऊच दिवस उरलेत आणि मला ते घर सोडवत नाही.

ता. क. दुसरा. फोन करू नकोस. हे पत्र पाकिटात घालून दोन दिवस तसंच राहिलं आणि तेवढ्यात एक गोष्ट झाली. काल मी रक्तदाबाची गोळी घरीच विसरले, म्हणून सून अर्धी रजा टाकून ती द्यायला दुपारी थेट फ्लॅटवर आली. मी सतरंजीवर आडवी. उठून सांगायला लागले की आत्ता एक पार्टी येणार आहे. तिने खुर्ची पाहिली, पुस्तकं पाहिली, भिंतीवरचा कागद वाचला. मग दार लावलं, चपला काढल्या आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी चहा केला, आणि ती 'आई, मी करते' म्हणून उठली नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मग मी तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, यांच्याशी मी बोलते, तुम्ही इथेच राहा. निघताना दारात थांबून तिने विचारलं, आई, याची दुसरी चावी आहे का? गुरुवारी तिचं ऑफिस चारला सुटतं, हे तिने घरी कधी सांगितलेलंच नाही म्हणे. दोन वर्षं ती गुरुवारी सहापर्यंत बसस्टॉपच्या बाकावर बसून राहते.

चावी मी तिला देऊन टाकली. आता दर गुरुवारी चारच्या आत मी फिरायला बाहेर पडणार आणि सहानंतरच परत येणार. तिला थोडा वेळ एकटीला बसायचं आहे.