मी हलले तर एक पायरी, तो बसला तर दोन

तीर्थरूप जाऊबाईंना धाकट्या जावेचा नमस्कार. तुमच्या गुडघेदुखीला उतार असेल, भावजींचा खोकला थांबला असेल आणि मुलं अभ्यासाचं सोंग तरी करत असतील, असं धरून चालते. आमच्या तब्येती ठीक आहेत. फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि ते का नाही हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

आमचं वजनमापांचं कार्यालय शहरातून या आडगावी हलवायचं ठरलं, तेव्हा जो स्वखुशीने जाईल त्याला बढती, असं मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सगळे टेबलाकडे बघत बसले. कुणाचे सासरे आजारी पडले, कुणाचं घराचं बांधकाम निघालं, आणि माझ्या शेजारच्या, माझ्याच हुद्द्याच्या गोंदबाटलीने (खरं नाव लिहून शाई वाया घालवत नाही, आख्ख्या नोकरीत त्याने पाकिटं चिकटवण्यापलीकडे काही केलेलं नाही) कमरेला पट्टा बांधून यायला सुरुवात केली. हात वर केला तो मी एकटीने. वरिष्ठ लिपिक म्हणून केस पिकले, निदान अधीक्षक म्हणून गळावेत, एवढीच इच्छा. तुमच्या दिरांनी तर वडिलांपासूनचं घड्याळदुरुस्तीचं दुकान चकार शब्द न काढता बंद केलं आणि हत्यारांची पेटी उचलून माझ्यामागे आले.

इथे बघते तो कार्यालय म्हणजे बंद पडलेला बर्फाचा कारखाना. भिंती हातभर जाड, खिडकीचा पत्ता नाही, आणि ओल अशी की तराजू तपासायची आमची सरकारी वजनंच गंजायला लागली. अधीक्षकाची खुर्ची मिळाली, पण हाताखाली माणूस नाही. ते सगळे तिकडे बसून "निघतोच आहोत" म्हणताहेत. माझ्या नावाची पाटीसुद्धा मीच स्टुलावर चढून ठोकली.

हेही गिळलं असतं. पण परवा तपासणीला वरिष्ठ येणार म्हणून मी स्वतः फरशी पुसली, आणि गाडीतून उतरलं कोण, तर गोंदबाटली. पट्टा नाही, चाल ताठ. झालं असं की माझं काम त्याच्याकडे गेलं म्हणून आधी त्याला अधीक्षक केला, आणि मग माणसं कमी असताना काम सांभाळलं म्हणून आणखी एक पायरी वर चढवला. म्हणजे मी हलले म्हणून एक पायरी चढले आणि तो हलला नाही म्हणून दोन.

माझ्याच खुर्चीत बसून म्हणतो, "बाई, इथे गारवा छान आहे हो. पंखासुद्धा लागत नाही."

मी विचारलं, "साहेब, पाठ कशी आहे?"

"बढतीनंतर एकदम फरक पडला," म्हणाला, आणि वजनांची निगा असमाधानकारक असल्याचा शेरा लिहायला लागला.

माझं पित्त खवळलं. गंजलेलं वीस किलोचं वजन आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, नुसतं बघू नका, उचलून तपासा. ड्रायव्हर दारात उभा, तेव्हा नाही म्हणता येईना. वाकला तो वाकलाच. शेवटी आम्ही दोघांनी त्याला गाडीत आडवा घातला. (ओरडत होता, पण भिंती जाड आहेत.)

आता माझा राजीनामा तयार आहे. असल्या खात्यात घटकाभरही राहायची इच्छा नाही. आम्ही परत येतो, हे पुन्हा आपलं दुकान उघडतील, मी घर बघेन. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली,
धाकटी जाऊ

ता. क. राजीनामा द्यायला निघाले तर वरून फोन आला. ही इमारत कामाला नालायक ठरली, कार्यालय आणखी पुढे, डोंगरापलीकडे जाणार. स्वखुशीने येणाऱ्याला गोंदबाटलीच्याही वरची जागा. मी हो म्हणून बसले.

पुन्हा ता. क. तुमच्या दिरांना यातलं काही माहीत नाही. इतके दिवस रिकामे बसले होते. कालच त्यांना इथल्या चौकातल्या मनोऱ्याचं मोठं घड्याळ दुरुस्तीला मिळालं. सकाळी गुणगुणत घराबाहेर पडले. माझी जीभ उचलत नाही. तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत, तेव्हा चार दिवस येऊन जा आणि तेवढं तुम्हीच सांगा. ते सांगाल तेव्हा मी कार्यालयात असेन.