पुरावा असला की इन्फर

सोमवार, ५ ऑगस्ट

आज दादरच्या क्लासात इंग्रजीतलं इन्फर हे क्रियापद घेतलं. बँकेच्या परीक्षेत दरवर्षी पोरांचे मार्क जातात त्याच्यापायी. शेवटच्या बाकावरचा गौतम म्हणाला, "मॅडम, म्हणजे अंदाजच ना?" नाही रे बाबा! अंदाज कोणीही ठोकतो. इन्फर करायला, म्हणजे निष्कर्ष काढायला, समोर काहीतरी लागतं. फळ्यावर लिहिलं – दारात ओली छत्री दिसली, बाहेर पाऊस आहे हे इन्फर केलं. बोलणारा सुचवतो, ऐकणारा इन्फर करतो. पोरं खूश. मीही.

घरी आले तर शेजारच्या हेरंब तावडेचं दार बंद. भरदुपारी! आमच्या लालबागच्या चाळीत दिवसाउजेडी दार लावतं कोण? घरात मयत असलं तरी उघडं असतं. आतून धप् धप्. मग कोणाचा तरी श्वास कोंडल्यासारखा आवाज. त्याची बायको दुर्गा. दुसरं कोण असणार आत?

गुरुवार, ८ ऑगस्ट

दुर्गा नळावर. दंडावर बोटांचे वळ, कपाळाला टेंगूळ, ओठ फुटलेला. "मोरीत घसरले, अनुजाताई."

महिन्यात तिसऱ्यांदा घसरतेस होय गं?

ती कळशी उचलून गेली. ओली छत्री अजून किती ओली पाहिजे!

शनिवार, १० ऑगस्ट

लिहूनच टाकते. हेरंबला मारलं.

तीन वाजता दार लागलं. धप्. धप्. आणि दुर्गाचा गुरासारखा आवाज. मी गॅलरीतून बोंबलले. खाली गणपतीच्या मंडपाचं काम चाललंय, तिथून लवू आणि त्याची मंडळाची पोरं धावत वर आली. कडी तोडली. हेरंब तिच्या छातीवर बसलेला – तिची दोन्ही मनगटं जमिनीला दाबून. तिच्या तोंडातून रक्त.

लवूने त्याला केसांना धरून बाहेर ओढला. मग मंडपाचा बांबू. पाठीवर, ढोपरावर, तोंडावर. "अरे ऐका, ऐका तरी –" म्हणत होता. कोण ऐकतंय! सत्तरीच्या गंगुबाई कठड्याला धरून ओरडत होत्या, "मेल्याक सोडू नकात रे!" लवूची लाथ तोंडावर बसली तेव्हा जबडा मोडल्याचा आवाज मला इथवर आला.

आणि मी? घरातून लाटणं आणलं. त्याचा डावा हात लादीवर टेकला होता, त्या बोटांवर हाणलं. दोनदा. दुसऱ्यांदा मजा आली. वहीत खोटं कशाला लिहू.

रविवार, ११ ऑगस्ट

चौकीत जबाब. हवालदार म्हणाले, "नवऱ्याने मारताना पाहिलंत?"

"हो, पाहिलं."

खरं तर पाहिलं नव्हतं. इन्फर केलं होतं. पण ते काय जबाबात लिहायचं? हेरंब हॉस्पिटलात, जबड्याला तारा. दुर्गा भिंतीकडे बघत बसलीये.

बुधवार, १४ ऑगस्ट

हेरंबच्या आई, कमळाबाई, माटुंग्याच्या लेकीकडून आल्या. पिशवी माझ्या कॉटवर उलटी केली. फिटच्या गोळ्या. डॉक्टरांचे कागद. दुर्गाचं नाव. दुर्गाला फिट येते! डोकं आपटून घेऊ नये म्हणून तो तिला दाबून धरतो. चाळीने बघू नये म्हणून दार लावतो. ओठ तिचा तिनेच चावलेला.

"माझ्या झिलाचो जबडो फोडलास गो! मास्तरीण मां तू?"

दुर्गाला विचारलं, खरं का? तिने होकाराची मान हलवली. घरी येऊन ते लाटणं कचऱ्यात टाकलं.

शनिवार, १७ ऑगस्ट

क्लासात अझ्यूम घेतलं. अझ्यूमला पुढ्यात काही लागत नाही, आधीच धरून चालायचं. सांगता सांगता माझंच मला दिसलं. हेरंब मारकुटा हे मी पहिल्याच दिवशी धरून टाकलं होतं. वळ आणि टेंगूळ मागाहून गोळा केले.

गौतम म्हणाला, "मॅडम, आपण इन्फर करतोय की अझ्यूम, ते आपलं आपल्याला कसं कळणार?"

तास संपला म्हटलं. अजून दहा मिनिटं होती.

तशीच चौकीत गेले, जबाब बदलला. तिथून हॉस्पिटल. हेरंबच्या पायावर डोकं ठेवलं. त्याने प्लास्टरातला हात माझ्या केसांवर ठेवला. ढसाढसा रडले मी. त्याने कोणावरच तक्रार केली नाही – पोरांवर नाही, माझ्यावर नाही. देवमाणूस!

गुरुवार, २९ ऑगस्ट

हेरंब घरी आला. लवूने बॅग वर आणली, मान खाली घालून. गंगुबाईंनी दृष्ट काढली. तोडलेल्या कडीच्या जागी मंडळाने नवीन बसवून दिली. चांगली जाड.

शनिवार, ३१ ऑगस्ट

तीनला दार लागलं. धप् धप्. गॅलरीतून कोणी उठलं नाही. गंगुबाई तांदूळ निवडत म्हणाल्या, "फिट इली आसतली. हेरंब आसा ना आत." आज आवाज जरा जास्तच वेळ चालला. मी चहा टाकला.

रविवार, १ सप्टेंबर

गच्चीवर कपडे वाळत घालताना दुर्गा जवळ आली. "ताई, फिट कधीपासून येते, ते कोणीच विचारलं नाही."

मी विचारलं.

"तीन वर्षं. त्याने माझं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं, तेव्हापासून." तिने गाऊनचा गळा मागून खाली ओढला. पाठभर पट्ट्याचे वळ, ताजे. "काल फिट आली नव्हती."