मुरमाचा डबा

८ नोव्हेंबर, शनिवार
काल पुन्हा तेच. चढणीवर मोहाच्या झाडापाशी जीप दमून थांबली. सुनंदा उतरली, लसींचा डबा खांद्याला लावला आणि चालू लागली. मी रिकामी जीप वर नेली. ती नर्स, दर शुक्रवारी वरच्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, जाते. मी तिचा नवरा, शुक्रवारपुरता ड्रायव्हर. पोडावर वाट पाहतात तिची, आधी पोचतो मी. बायका जीपमध्ये डोकावून विचारतात, बाई कुठं?

आज रशीदभाईंच्या गॅरेजमध्ये. घाटंजीत त्यांना कानाचे मिस्त्री म्हणतात. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून दोष सांगणारा माणूस. डिझेल इंजिन बसवू का, असं विचारलं.
"कायले? इंजिन कमजोर नाई, सर. त्याले हवा कमी भेटून राह्यली. हवा कोंबू."
सुपरचार्जर. घरीच बनवू म्हणाले. इंजिनाच्याच पट्ट्यावर एक यंत्र फिरवायचं, त्यानं हवा आत दाबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. एवढं समजलं. मी हो का म्हणालो, ते समजलं नाही.

११ नोव्हेंबर
र.भाई आधी बावीस वर्षं कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर होते. तिथला एक जुना पंखा घेऊन आले. नळीतून कापूस ओढून वर फेकणारा. मोटर लावून सुरू केला, तोंडाशी मूठभर कापूस धरला. कापूस उडाला, पत्र्याखालच्या कोळ्याच्या जाळ्यात जाऊन अडकला.
"पाहा. याच्याहून जास्त हवा तुमाले कुठं भेटन?"
मी जाळ्याकडे पाहत राहिलो. पुरावा पुरेसा वाटला. शिकवताना यापेक्षा कमी पुराव्यावर मी निष्कर्ष काढलेत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पंखा बसवून चढण. र. मागे बसले होते. जीप मोहाच्या चार हात अलीकडेच थांबली.
सु. उतरता उतरता म्हणाली, "आज तं झाडाची सावलीही नाई भेटली."
र. बराच वेळ पंख्याकडे पाहत उभे. मग एकटेच हसले. "हा वारा आहे, सर. आपल्याले दाब पायजे. कापसाले वारा पुरते. मी जिनिंगवाला माणूस, कापसानंच मोजलं."
वारा आणि दाब. दोन्ही हवाच. फरक त्यांनी दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा कमी समजला.

१८ नोव्हेंबर
यवतमाळच्या भंगारातून दुसरं यंत्र. आत दोन लोखंडी डमरू, एकमेकांना न शिवता फिरणारे. र.नी लोखंडाची प्लेट कापून कानशीनं घासली, यंत्र इंजिनावर बसवलं, पुलीवरून पट्टा. चार दिवसांचं काम. मी रोज कॉलेज सुटल्यावर जातो आणि पाना धरून उभा राहतो.

दाब मोजायला काटा नव्हता. सु.नं तिचं जुनं बीपीचं घड्याळ दिलं. र.नी ते नळीनं जोडलं, मध्ये सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा फक्त एकाच बाजूनं जाईल. आता डॅशबोर्डवर बीपीचं घड्याळ आहे.
"दोनशेच्या वर नाई जाऊ द्याचं," र.
"मी तं एकशे ऐंशीलेच भरती करते," सु.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
चढली.

सु. मोहापाशी सवयीनं "थांबा" म्हणाली. जीप थांबली नव्हती, थांबवावी लागली. मोहाच्या पुढे पहिल्याच वेळी तिला बसवून न्यायला र. तयार नव्हते. ती उतरली, तिच्या जागी दगडांची गोणी ठेवली. र. चालवत होते, मी शेजारी. काटा एकशे नव्वद. शेवटच्या वळणावर आवाज आला. बारीक, कोरडा. मी सांगितलं. त्यांनी लगेच पाय काढला.
"कसा आवाज?"
"टकटक."
"कशी टकटक?"
सांगता आलं नाही.

वर पोचल्यावर त्यांनी समजावलं. आवाज दोन असतात. एक टॅपेटचा, म्हणजे झडपा हलवणाऱ्या भागांचा. तो गरीब, राहू द्यायचा. दुसरा, पेट्रोल वेळेआधी पेटतं त्याचा. दाब वाढवला की त्याचं भ्याव असतं. तो फक्त ओझं घेऊन चढताना येतो, उभ्या गाडीत येत नाही. तो येत राहिला की पिस्टनला भोक. कधी कधी प्लगच्या पांढऱ्या भागावर चमकते ठिपके सापडतात, पण तेव्हा उशीर झालेला असतो.
"तुम्हाला कोणता वाटला?" मी.
माझ्याकडे पाहत राहिले. "तुमीच सांगा न. ऐकला तुमी."
परीक्षा घेतायत असं वाटलं.

२२ नोव्हेंबर
दुपारी गॅरेजमध्ये पट्टा सरकला. किंकाळीसारखा आवाज. समोरच्या चहावाल्यानं कानावर हात ठेवले, रस्त्यावरची दोन माणसं थांबली. र. यंत्राला पाठ करून शांतपणे हात पुसत होते. पुसून झाले, वळले, आमचे चेहरे पाहिले. मग पट्ट्याकडे पाहिलं. मग इंजिन बंद केलं.


ते स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावून दुसरं दातात धरतात. मला ती ऐट वाटायची.

२३ नोव्हेंबर, रविवार
र. नमाजला गेले होते. गॅरेजमागेच घर. भाभींनी चहा दिला, आणि मी न विचारताच:
"समझ गये ना सर? जिनिंगनं खाल्ले कान. जाड आवाज येते. बारीक नाही येत. घंटी, कुकरची शिट्टी, कुछ नहीं. जेवाले बोलवाचं तं मी दारावर थाळी नाही वाजवत, पाय आपटते."
"कोणाला माहीत आहे?"
"मले. आता तुमाले. उनको मत बोलना मैंने बोला करके. लोक कानासाठीच येतात त्यांच्याकडं."
नाही सांगणार म्हणालो.

म्हणजे ज्याला आवाजाचा अर्थ कळतो त्याला तो ऐकू येत नाही. ज्याला ऐकू येतो त्याला

२५ नोव्हेंबर
आज र.नी तीन डबे मांडले. ग्रीसचे, पुसून कोरडे केलेले. एकात सरकी, एकात तुरीचे दाणे, एकात मुरूम. मुरूम माझ्याच टायरांच्या खाचांतून काढलेला.
एकेक डबा माझ्या कानाशी हलवला. स्वतः डब्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होते.
"सरकी म्हणजे टॅपेट. तूर म्हणजे पट्टा ढिला. मुरूम म्हणजे तो. खराब वाला."
हातानं नेमक्या वेगानं हलवत होते. प्रत्येक डब्याचा वेग वेगळा.
"तुम्हाला येतोय ऐकू?" माझ्या तोंडून गेलं. भाभींना शब्द दिला होता.
थांबले. डबा खाली ठेवला.
"आवाज याद आहे, सर. हाताले याद आहे. ऐकू तेवढा नाई येत." मग तिन्ही डबे ओळीनं लावून, "आता सांगा. चढणीवर कोणता होता?"
मी मुरमाचा म्हणालो. वाटलं तेच म्हणालो. की तोच शेवटी वाजवला होता म्हणून?
त्यांनी प्रश्न विचारला नाही. इंजिनावरची ठिणगी वाटणारी वाटी सैल केली, बोटभर मागे फिरवली, आवळली. आता पेट्रोल जरा उशिरा पेटेल. झालं. माझ्या एका शब्दावर.

२७ नोव्हेंबर
वर्गात पंख्यातून सरकी. घरी फोडणीत मोहरी, म्हणजे मुरूम. सु.च्या गोळ्यांच्या बाटलीत तूर. एसटीत बसलो तर तिन्ही.
आवाज आधी ऐकला होता आणि नाव नंतर मिळालं. आता नाव आधी येतं. आवाज मागून येऊन त्यात बसतो. पंचवीस वर्षं पोरांना सांगतोय, नेमका शब्द शोधा. नेमका शब्द सापडला की खात्री होते असं मला वाटायचं.

र.चा निरोप: उद्या ताईलाही बसवून नेऊ.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
घडलं तसंच लिहितो.

र. चालवत होते. मी शेजारी, सु. मागे, मांडीवर डबा. र. म्हणाले, माह्या खांद्यावर हात ठेवा. आवाज आला का दाबा. मी पाय काढीन.
मोह आला. सु. काही बोलली नाही. मोह गेला. तिनं मागे वळून झाडाकडे पाहिलं, मला आरशात दिसलं.
काटा दोनशेला. इंजिनाचा जाड आवाज. माझा हात त्यांच्या खांद्यावर, खांदा घामानं ओला. शेवटच्या वळणावर तीन-चार दाणे वाजले. किंवा पाच. मी दाबणार होतो. दाबलं नाही. का? आधी ठरवत होतो, मुरूम की सरकी. ठरेपर्यंत वळण संपलं.

वर पोचलो. बायका धावत आल्या. आज कोणी "बाई कुठं" विचारलं नाही. एक म्हातारी बॉनेटला हात लावून म्हणाली, तापली बिचारी, पाणी पाजा तिले. र. जीपला टेकून उभे होते. एवढे सरळ उभे राहिलेले मी त्यांना पाहिले नव्हते.
"आला होता?"
"नाही."

२९ नोव्हेंबर
सकाळी मोटारसायकलनं चढणीवर गेलो. एकटाच. वळणावर थांबलो.

रस्ता सगळा दबलेला, टणक. फक्त शेवटच्या वळणावर सुटा मुरूम पसरलेला. चाकाखालून उडतो, जीपच्या पोटाला लागतो.
त्याच वळणावर, २१ला. त्याच वळणावर, काल. आणि डब्यातला नमुना याच मुरमाचा.

म्हणजे पहिल्यांदा इंजिन वाजलंच नसेल, रस्ता वाजला असेल. मग ती वाटी उगाच मागे फिरवली. किंवा दोन्ही वाजले. काल रस्ता वाजला असेल. किंवा इंजिन. पण सर्वांत जास्त चढही तिथेच आहे, म्हणजे इंजिन वाजायचं तर तिथेच वाजणार.
एक खडा उचलून खिशात ठेवला. का, माहीत नाही.

१ डिसेंबर
राळेगावहून एक जीपवाला आला होता. गोष्ट तिथवर गेलीय. त्यालाही तेच यंत्र बसवून हवं.
र. त्याच्या इंजिनाभोवती फिरत होते. "या साली गॅरेज बंद करणार होतो, सर. आता नाई करत. शनिवारी या. तुमचे कान लागतीन."
जीपवाला हसला. "काहून भाई, तुमचे कुठं गेले?"
"माहे म्हातारे झाले. सरचे शिकेल आहेत."
सगळे हसले. मीही. वळणावरच्या मुरमाचं सांगायला म्हणूनच गेलो होतो. जाड आवाजात बोललं की त्यांना ऐकू येतं, हे माहीत आहे. मी बोललोच नाही.

३ डिसेंबर
आयुष्यात पहिल्यांदा स्वतः बॉनेट उघडलं. चारही प्लग काढले, अंगणात वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवले. ठिपके शोधले. तिसऱ्यावर दोन दिसले. नखानं खरवडले. एक गेला. दुसरा गेला नाही, किंवा तो प्लगचाच असेल.
सु.ला दाखवला. तिनं उजेडात धरला. "मले तं काजळी वाटते. पण मी सुया पाहणारी. माह्या शब्दावर नका जाऊ."
"मग कोणाच्या?"
"त्याइले काहून नाई सांगत?"
"ते गॅरेज बंद करतील."
"आन् पिस्टन फुटल्यावर?"
प्लग परत बसवले. ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं बसवले की नाही, आता आठवत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार
सांगितलं.

कॉ. सुटल्यावर थेट गेलो. र. एकटे होते. जाड आवाजात, सावकाश: वळणावर काहीतरी वाजलं होतं. दोन्ही वेळा. मी नाही म्हणालो ते खोटं होतं. किंवा खोटं नव्हतं. तिथे सुटा मुरूम आहे. खिशातला खडा काढून त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी खडा बोटांत फिरवला. रागावतील असं वाटलं. मग फळीवरून मुरमाचा डबा उतरवला, बाहेर गेले, रस्त्यावर रिकामा केला. फडक्यानं आतून पुसला.
"गलती माही. मी रस्ताच भरला डब्यात."
"आता?"
"आता तुमी भरा."
डबा माझ्या हातात दिला.
"जे ऐकलं ते भरून आणा. मी हातानं वाजवीन, मले समजन."
"आणि नाही जमलं तर?"
"मंग राळेगाववाल्याले नाई म्हणू," असं म्हणाले आणि कोपऱ्यात ठेवून गेलेल्या त्याच्या जीपकडे पाहिलंच नाही.

संध्याकाळ. स्वयंपाकघराच्या ओट्यावर डबा. ज्वारी भरून हलवली. नाही. साबुदाणा. नाही. गहू, थोडे मिठाचे खडे टाकून. जवळपास. मग तेही नाही. वाळलेल्या शेवग्याचं बी. ते ऐकताना वाटलं, हेच, आणि लगेच वाटलं की मला हेच असावं असं वाटतंय.

सु. उद्यासाठी बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमध्ये रचत होती. माझा ओटाभर पसारा पाहिला. डबा उचलला, एकदा हलवला, कानापासून दूर धरून. खाली ठेवला.
"माहं काही नाई," ती म्हणाली. "उद्या मी मोहापाशी उतरू का नको, तेवढं सांगा."